हट्टा : एका ग्रामनामाचे संगणकीय अपपाठ

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्या जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात हट्टा हे गाव आहे. ग्रामनाम उच्चारात दोन अक्षरांचे असून लेखनात त्यात 'ट'चे द्वित्त आहे. या प्रदेशातील ग्रामनामे निजामी अमदानीत उर्दू दफ्तरात व मोडी कागदांत लिहिली जात. आज ती संकेतस्थळांच्या सर्व्हरवर साठविली जातात. लेखनसाधन बदलले की अपपाठांची जातही बदलते. सर्व्हरवरील आज्ञावलींमधून जाताना 'हट्टा' कधी पाच प्रश्नचिन्हे होऊन येते, कधी पंधरा परकीय चिन्हांची माळ होऊन, तर कधी 'हटट' असे. हस्तलिखितातील चुकीवरून नक्कलकाराची सवय ओळखावी, त्याप्रमाणे या प्रत्येक अपपाठावरून बिघाडाचे स्थान ओळखता येते.

भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तीत 'हट्टा'चे ह, ट, हलन्तचिन्ह, ट व काना हे पाच घटक प्रत्येकी एका बाइटात मावत. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली होती. १९९२ मध्ये केन टॉम्पसन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ची रचना केली. तीत इंग्रजी अक्षर एका बाइटाचे राहिले, देवनागरीचा प्रत्येक घटक मात्र तीन बाइटांचा झाला. 'ह' म्हणजे २२४, १६४, १८५ ही त्रयी. 'हट्टा' या रीतीने पंधरा बाइटांचे ठरते.

रास्मुस लेर्डोर्फ यांनी १९९५ मध्ये पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी भाषा जाहीर केली. तिच्या दृष्टीने मजकूर म्हणजे केवळ बाइटांची रांग. म्हणून लांबी मोजणारे तिचे मूळ फल 'हट्टा'ची लांबी १५ सांगते. बहुबाइटी फल ५ सांगते. दृश्य अक्षरे मोजणारे फल जुन्या नियमांनुसार ह, ट्, टा अशी ३ अक्षरे मोजते. जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. त्यानंतरच मोजणी मराठी वाचकाच्या २ या उत्तराशी जुळू लागली. भाषेच्या गाभ्यातच युनिकोड आणण्याचा पीएचपी ६ चा संकल्प २०१० मध्ये सोडून देण्यात आला. परिणामी सावधगिरीचा भार आज्ञावली लिहिणाऱ्यावरच राहिला. मजकूर दहा बाइटांवर तोडला की चौथ्या घटकाचा एकच बाइट उरतो आणि पडद्यावर काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्ह उमटते. या खुणेचा अर्थ एकच : बाइटांची रांग मध्येच भंगली आहे.

दुसरा गट डेटाबेसच्या जोडणीचा. मायएसक्यूएलचे मूळ गृहीत संकेतन दीर्घकाळ लॅटिन-१ होते. ते २०१८ च्या ८.० या आवृत्तीत बदलले. त्यापूर्वीच्या अनेक स्थळांवर जोडणी व रकाना दोन्ही लॅटिन-१ मानले जात, आणि आत यूटीएफ-८ चे बाइट जसेच्या तसे जात-येत. दोन चुका परस्परांना झाकत असल्याने पान शुद्ध दिसे. पुढे कोणी जोडणी तेवढी सुधारली की 'हट्टा'च्या जागी पंधरा चिन्हे उमटत. त्यांतील काही तर दिसतही नसत. हा बिघाड भयंकर दिसला तरी साध्य आहे, कारण बाइट शाबूत असतात. रकाना प्रथम बायनरी करून मग यूटीएफ-८ म्हणून घोषित करावा. थेट रूपांतर केल्यास मात्र अपपाठाचेच पुन्हा संकेतन होते.

याउलट, जोडणी शुद्ध आणि रकाना लॅटिन-१ असेल, व काटेकोर तपासणी बंद असेल, तर प्रत्येक घटकाच्या जागी एक प्रश्नचिन्ह साठविले जाते. येथे मूळ बाइटच नष्ट होतात. 'वसमत' आणि 'औंढा' ही दोन्ही नावे चार-चार घटकांची आहेत. दोहोंच्या जागी तीच चार प्रश्नचिन्हे उरतात. मूळ कागद किंवा जुनी प्रत नसेल तर कोणती नोंद कोणत्या गावची, हे सांगण्याचा मार्ग राहत नाही.

तिसरा गट भाषिकदृष्ट्या अधिक उद्बोधक आहे. मजकूर स्वच्छ करणाऱ्या आज्ञा पुष्कळदा 'अक्षर' या वर्गाबाहेरची चिन्हे गाळतात. युनिकोडच्या वर्गीकरणात काना, मात्रा, हलन्त ही चिन्हे 'अक्षर' नसल्यामुळे 'हट्टा'चे 'हटट' होते. तसेच 'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारे लिहिला जातो : नुक्तायुक्त ऱ वापरून, किंवा र, हलन्त व शून्य रुंदीचे जोडचिन्ह वापरून. युनिकोडचे प्रमाणीकरण या दोहोंस एक मानीत नाही; म्हणून एका रूपाने शोधल्यास दुसरे सापडत नाही. अदृश्य चिन्हे गाळणारी आज्ञा तर दुसऱ्या रूपाचे 'दर्या' करून डोंगरांमधील दऱ्यांचा समुद्र करून टाकते. साठविण्यापूर्वी सर्व नोंदी एकाच रूपात आणणे हाच येथे उपाय.

इतिहास-संशोधकांशी थेट संबंधित असा शेवटचा प्रश्न मोडीचा आहे. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ च्या ७.० या आवृत्तीत समाविष्ट झाली. तिचा प्रत्येक संकेत यूटीएफ-८ मध्ये चार बाइटांचा आहे, आणि मायएसक्यूएलमधील 'यूटीएफ-८' या नावाचा जुना प्रकार तीनच बाइट स्वीकारतो. काटेकोर तपासणी नसेल तर पहिल्या मोडी अक्षरापासून पुढील सर्व मजकूर गळतो. चार बाइटांचा प्रकार २०१० पासून उपलब्ध आहे. मोडी कागदांची सूची करणाऱ्याने आरंभापासून तोच योजावा.

या सर्व विवेचनातून दुरुस्तीचा एक क्रम निष्पन्न होतो. प्रथम मूळ साठ्याची प्रत काढून ठेवावी. मग पडद्यावरील रूपावर न विसंबता प्रत्यक्ष बाइट पाहावेत. त्यानंतर फाइल, आज्ञावली, जोडणी, रकाना व पान या पाच ठिकाणांचे संकेतन एकामागून एक तपासावे, आणि कारण निश्चित झाल्यावरच साठ्यास हात लावावा. पाठचिकित्सेचा दंडकही असाच आहे : अपपाठाची उपपत्ती लागल्यावाचून पाठ सुधारू नये.