आपलाच मज्जातंतू कापून घेणारा डॉक्टर

गेल्या वर्षी विसर्जनानंतर आरास उतरवताना काच लागली आणि आमच्या एका कार्यकर्त्याचे मनगट खोल कापले. जखम भरली, पण बोटे बधिरच राहिली. दिवाळीत पणतीने बोट भाजले तरी त्याला कळले नाही. मज्जातंतू शिवला आहे, तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढेल, असे डॉक्टर म्हणाले. सरकारी कचेरीत आम्ही फायलींचा वेग पाहिलेला आहे. तरी हा ऐकून थक्क झालो.

त्या निमित्ताने वाचताना हेन्री हेड भेटले. तुटलेल्या मज्जातंतूचा पुढचा भाग झडून जातो, हे ऑगस्टस वॉलर यांनी 1850 मध्येच बेडकांवर दाखवले होते. नवे धागे मागच्या जिवंत टोकातून फुटतात. पण संवेदना परतताना आधी काय येते, नंतर काय, हे लंडन हॉस्पिटलमध्ये हेड यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांना नेमके सांगता येईना. पोटापाण्याच्या चिंतेतला माणूस तासन्‌तास टाचण्या तरी किती टोचून घेणार?

मग 25 एप्रिल 1903 रोजी हेड यांनी आपल्याच डाव्या हातात, कोपराजवळ, त्वचेकडे जाणारे मज्जातंतू कापून घेतले. टोके रेशमी धाग्याने शिवली. तपासायला होते डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स, निलगिरीच्या तोडा लोकांवर 1906 साली ग्रंथ लिहिणारे तेच हे. हेड सवड काढून केंब्रिजला जात आणि रिव्हर्स यांच्या खोलीत डोळे मिटून बसत. रिव्हर्स टाचणी, कापूस, थंड-गरम नळ्या लावून हातावर नकाशा आखीत. हे चार वर्षांहून अधिक चालले!

आधी परतली ती आडदांड वेदना. टोचले की अंग शहारे, पण नेमके कुठे टोचले ते उमगेना. कापसाचा हलका स्पर्श फार उशिरा आला. यावरून हेड यांनी संवेदनेच्या दोन वेगळ्या यंत्रणा मांडल्या. विल्फ्रेड ट्रॉटर आणि मॉरिस्टन डेव्हिस यांना ते पटेना, म्हणून त्यांनीही स्वतःचे मज्जातंतू कापून घेतले आणि 1909 मध्ये आपला विरोध छापला. हेड यांचा सिद्धांत पुढे मागे पडला. नोंदी मात्र आजही वाचाव्यात अशा आहेत.

परवा मखराच्या कामात आमच्या त्या कार्यकर्त्याच्या बोटात टाचणी घुसली आणि तो ओरडला. आईने त्याच संध्याकाळी मंडळात पेढे वाटले. कापूस अजून कळत नाही.