तरुणांची वाहिनी

'यूथ चॅनल' म्हणजे काय चीज होती, हे आज विशीतल्या मुलाला समजावून सांगणं अवघडच आहे. त्याची वाहिनी त्याच्या खिशात असते. आमची केबलवाल्याच्या मर्जीवर होती!

1991 साली हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला आणि त्याच्याबरोबर एमटीव्ही आपल्याकडे आलं. गाणी बहुतेक सगळी इंग्रजी. 1994 मध्ये दोघांचं फाटलं. स्टारने स्वतःचं चॅनल व्ही काढलं, आणि 1996 मध्ये एमटीव्ही 'इंडिया' होऊन परत आलं. गंमत म्हणजे इंग्रजी गाण्यांवर इथे पोट भरणार नाही, हे दोघांनाही लवकरच कळून चुकलं. मग हिंदी गाणी आली, व्हीजे मंडळींची ती हिंदी-इंग्रजी खिचडी आली, लुंगीऐवजी काउबॉयचा वेष केलेला क्विक गन मुरुगन आला, सायरस ब्रोचाचा 'बकरा' आला. अलिशा चिनॉय, लकी अली यांची सिनेमाबाहेरची गाणी घराघरात पोचली, ती बरीचशी या वाहिन्यांमुळेच. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण मला राहून राहून वाटतं, की त्यांच्या लेखी 'तरुण' हे वय नव्हतंच, ते गिऱ्हाईक होतं. 2002 च्या 'पॉपस्टार्स'मधून 'विवा' हा मुलींचा बँड निघाला, तर कार्यक्रमाच्या नावाआधी शीतपेयाचं नाव. 2003 मध्ये 'रोडीज' सुरू झालं, तिथे मोटारसायकलचं. पुढे पुढे तर 'रोडीज'मधला प्रवास बाजूलाच राहिला, आणि निवडीच्या वेळी पोरांना झापणं हाच खरा कार्यक्रम झाला. लांबून आलेला एखादा मुलगा मान खाली घालून उभा, आणि घरोघरी लोक जेवता जेवता ते बघतायत. फाडफाड बोलता न येणाऱ्याची तिथे गोचीच.

आणि मराठी तरुण? तो या पडद्यावर मराठीत बोलताना दिसायला फार वर्षं गेली. 2015 साली झी मराठीवर 'दिल दोस्ती दुनियादारी' आली. ऑगस्ट 2016 मध्ये 'झी युवा' सुरू झाली, आणि पुढच्याच महिन्यात जिओ आलं! म्हणजे आपल्या पोरांसाठी पंगत मांडली, तोवर पोरं उठून दुसरीकडे जेवायला निघालेली. तिकडे चॅनल व्हीने 2012 मध्येच गाणी सोडून मालिका धरल्या होत्या. 2018 मध्ये ते बंदच पडलं.

असो. आज गिऱ्हाईक म्हणून तरुणांची मोजदाद पूर्वीपेक्षा चोख होते, आणि झापणारे परीक्षक नसले तरी शिव्या घालणारे अनोळखी लोक ढिगाने आहेत. पण बीडची किंवा सावंतवाडीची मुलगी स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या अंगणात उभी राहून बोलते, आणि हजारो लोक ते ऐकतात. त्यासाठी तिला कुठल्या रांगेत उभं राहावं लागत नाही. वाहिन्यांना हे पंचवीस वर्षांत सुचलं नाही.