आजीच्या कणगीतील सरकी

जिल्ह्याचा इतिहास म्हटला की आपण सरकारी दफ्तराकडे वळतो. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. पुढे त्यातील एका भागाचा वणी जिल्हा झाला व १९०५ साली त्यासच यवतमाळ हे नाव मिळाले, एवढे दफ्तर सांगते. परंतु तेथील शेतकऱ्याच्या घरात काय बदलले, हे समजण्यास आम्हांस आमच्या आजीची कणगी अधिक उपयोगी पडली.

आमचे आजोळ दारव्हा तालुक्यातील. वेचणी ऐन भरात आली की आजी जोमदार झाडांचा कापूस निराळा ठेवी आणि त्याची सरकी शेणाने सारवलेल्या कणगीत जपून ठेवी. मृगाच्या तोंडी ती सरकी शेणमातीच्या काल्यात घोळून सुकवावयाची, म्हणजे दाण्यांवरील तंतू बसून ते एकमेकांस चिकटत नसत. हे काम आम्हां मुलांचे. वावर आबाजींच्या नावे होते. बैल, पाऊस, सावकार ही चिंताही त्यांची. पण बियाण्यासाठी ते आजीपुढेच येऊन उभे राहत.

हे बियाणे पुरातन होते, असे मात्र वाचकांनी समजू नये. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडी कापसास अतोनात मागणी आली. पुढे लांब, मऊ धाग्याची ‘बनी’ मागे पडून, धागा आखूड पण रुईचा उतारा अधिक अशी ‘जरी’ पसरली. म्हणजे आजी ज्यास ‘गावरान’ म्हणे, तेही बाजाराच्या कलाने बदलत आले होते. तथापि जात बदलली, तरी पुढच्या वर्षाचे बी घरातच राही.

१९७० साली सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ हा कापसाचा वाण सिद्ध केला. असे संकरित बियाणे आमच्या बालपणी गावी आले. पीक दुणावले, आमच्या शिक्षणाचा खर्च त्यातूनच निघाला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आजी तेवढी म्हणाली, “वावर आपलं अन् बियाणं दुकानातलं, हे कायची शेती?” आम्ही हसलो. तिने हट्टाने त्याच पिकाची सरकी राखली व पुढील वर्षी चार तासे पेरली. झाडे उंच, ठेंगू, वांझ अशी सरमिसळ उगवली. संकराची दुसरी पिढी अशीच फुटते, हे आम्ही शाळेत नुकतेच शिकलो होतो. ते मोठ्या ऐटीने तिला समजावून दिले. ती काही बोलली नाही. त्या वर्षापासून कणगीत तूर भरू लागली, आणि पेरणीच्या आधी आबाजी आजीकडे न येता परस्पर बाजारास जाऊ लागले.

२००२ साली बीटी कापसास परवानगी मिळाली. आपल्याकडे तोही बहुतेक संकरित रूपातच आला, त्यामुळे बियाण्याची पिशवी दरसाल विकत घेणे आले. यवतमाळचे नाव पुढे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले. त्याचा दोष एकट्या बियाण्यावर टाकणे न्यायाचे नव्हे. पाऊस, भाव व कर्ज यांचा वाटा मोठा आहे. परंतु पेरणीपूर्वीच कर्ज काढावयास लावणाऱ्या खर्चांत बियाण्याची भर पडली, ती आजीच्या कणगीतून सरकी गेली तेव्हा. आमच्या शास्त्रात चूक नव्हती. तिचा प्रश्न मात्र उत्पन्नाचा नव्हताच, आणि त्याचे उत्तर आम्ही तिला कधी दिले नाही.