नांदेड : व्यापार, उद्योग व तीर्थक्षेत्र – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मराठवाड्याला समुद्र नाही. तथापि जकात वसूल करणे, माल पुढे धाडणे आणि दूरदेशीच्या माणसास आश्रय देणे ही बंदराची कार्ये गोदाकाठच्या नांदेडने दीर्घकाळ पार पाडली. सतराव्या शतकात सुरत–गोवळकोंडा मार्ग येथे नदी ओलांडीत असे. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए याच्या वृत्तांतात या टप्प्यावर गाडीमागे 4 रुपये घेतले जात असल्याची नोंद आढळते.

तीर्थक्षेत्र म्हणून नांदेडचे महत्त्वही याच दळणवळणाशी निगडित आहे. मोगल बादशहा बहादूरशहा याच्या छावणीसोबत दक्षिणेत आलेले गुरू गोविंदसिंग यांचे 1708 मध्ये येथे महानिर्वाण झाले. पुढे महाराजा रणजितसिंग यांच्या साहाय्याने 1832 ते 1837 या काळात सचखंड गुरुद्वाऱ्याची वास्तू उभी राहिली. पंजाबातून आलेल्या शिपायांपैकी अनेक कुटुंबे निजामी मुलखातच स्थिरावली. 'दखनी शीख' हा समाज त्यातूनच घडला. यात्रेकरू परत जातो, शिपाई राहतो. हा भेद अभ्यासकांनी पुरेसा लक्षात घेतलेला दिसत नाही.

1900 मध्ये हैदराबाद–मनमाड मीटरगेज लोहमार्ग पूर्ण झाला आणि नांदेडचा कापूस मुंबई बंदराशी जोडला गेला. येथील गावरानी कापूस त्याच्या धाग्यासाठी नावाजलेला होता. त्याच्या आधारावर उस्मानशाही मिल उभी राहिली. गुरुद्वाऱ्यामुळे शहराला कीर्ती लाभली. सामान्य कुटुंबांच्या घरी महिन्याचा पगार आला तो मात्र गिरणीमुळे. 1974 च्या कायद्याने आजारी गिरण्यांबरोबर तिचेही राष्ट्रीयीकरण झाले, परंतु तेवढ्याने ती तगली नाही. अखेर ती बंद पडली. दरम्यान नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्रात विकसित झालेल्या एनएचएच-44 सारख्या संकरित वाणांनी शेतातून गावरानीस मागे सारले होते.

2008 च्या गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीनिमित्त रस्ते व विमानतळ सुधारले, शहराचा कायापालट झाला. परंतु ही गुंतवणूक यात्रेकरूसाठी होती, कामगारासाठी नव्हे. स्थानिक इतिहासातही गिरणीच्या वाट्याला एखाददुसरा परिच्छेदच येतो. वस्त्रपरंपरेचा एक धागा मात्र तुटला नाही. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या उदगीर (जि. लातूर) येथील केंद्रात राष्ट्रध्वजासाठीचे खादी कापड हातमागावर विणले जाते, आणि असे कापड तयार करणाऱ्या संस्था देशात मोजक्याच आहेत.