आवृत्तिनिहाय वापरपुस्तिका

एखाद्या सॉफ्टवेअरमधली सुविधा कोणत्या आवृत्तीत आली, कुठे बदलली आणि केव्हा काढून टाकली, हे वापरणाऱ्याला कळेल अशा रीतीने सांगणारी पुस्तिका. नवी आवृत्ती बाजारात आली तरी जुनीवर काम करणारे वर्षानुवर्षे तिच्यावरच राहतात, म्हणून अशी पुस्तिका लागते.

इंदूरच्या सियागंजात किंवा क्लॉथ मार्केटमध्ये हिशेब लिहिणाऱ्या मुनिमाला हा विषय टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे ठाऊक असतो. टॅली.ईआरपी ९ आली २००९ मध्ये, टॅलीप्राइम २०२० मध्ये. क्रेडिट नोटसाठी पहिलीत कंट्रोल-एफ८ दाबायचे, दुसरीत ऑल्ट-एफ६. डेबिट नोटचे कंट्रोल-एफ९ जाऊन ऑल्ट-एफ५ झाले. बोटांना सवय जुन्या कळींची आणि हातात पुस्तक नव्याचे, अशी गत होते.

नुसते आवृत्तीचे नाव देऊनही भागत नाही, कारण एका आवृत्तीची पुढे अनेक रिलीज निघतात. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला आणि ईआरपी ९ मध्ये त्याची सोय रिलीज ६ पासून झाली. त्यामुळे ‘ईआरपी ९ मध्ये जीएसटी आहे’ हे वाक्य आधीच्या रिलीजवाल्याला फसवते. तसेच टॅलीप्राइमच्या रिलीज ३.० पासून एकाच कंपनीखाली अनेक जीएसटी नोंदण्या ठेवता येतात. इंदूरला पेढी आणि जळगावला शाखा, म्हणजे दोन राज्ये आणि दोन नोंदण्या, असा पसारा असलेल्याला हा रिलीज क्रमांक पहिल्याच ओळीत दिसायला हवा. पानाच्या तळाशी बारीक टीप देणे ही चालढकल आहे.

लिहिण्याच्या पद्धती मुख्यतः दोन. प्रत्येक आवृत्तीचे स्वतंत्र पुस्तक वाचायला सोपे, पण एक चूक सगळ्या पुस्तकांत दुरुस्त करावी लागते. दुसरीत मजकूर एकच असतो आणि सुविधेपाशी ‘अमुक आवृत्तीपासून’ अशी खूण असते. पायथन भाषेचे दस्तऐवज दोन्ही करतात: आवृत्ती निवडता येते, शिवाय भर, बदल आणि निवृत्ती यांच्या खुणा जागच्या जागी मिळतात. फरक थोडे असतील तर खुणा पुरतात. मेनूच पालटला असेल, जसा टॅलीप्राइममध्ये, तर वेगळे पुस्तक काढणेच बरे.

भाषांतरात काम आणखी वाढते. इंदूरहून १९९९ मध्ये सुरू झालेल्या वेबदुनिया या संकेतस्थळाने पुढे भारतीय भाषांत सॉफ्टवेअरचे स्थानिकीकरणही केले. अशा कामात मूळ पडद्यावरचे एखादे बटण बदलले की प्रत्येक भाषेतल्या पुस्तिकेतला तो शब्द आणि पडद्याचे चित्र बदलावे लागते. चित्रे बहुधा शेवटी बदलली जातात, आणि जुनी राहून गेलेली सापडतात तीही चित्रेच.