अमृतधारा, लक्ष्मणधारा आणि बेसावध ग्राहक

समासाचा विग्रह शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर जे शब्द लिहीत आलो, त्यांत 'अमृतधारा' हा एक आहे. अमृताची धारा ती अमृतधारा, षष्ठी तत्पुरुष. विद्यार्थी वहीत उतरवून घेतात आणि आम्ही पुढच्या शब्दाकडे वळतो. याच शब्दाचा विग्रह भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६२ साली विचारात घेतला होता आणि विचार करून बाजूला ठेवला होता. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की औषध घ्यायला आलेला माणूस समास सोडवीत बसत नाही. हे प्रथम वाचले तेव्हा व्याकरण शिकवून पोट भरणाऱ्या आम्हा मंडळींना किंचित अवघडल्यासारखे झाले. प्रस्तुत लेख त्या अवघडलेपणातून निघाला आहे.

व्यापारचिन्हांवरून होणारे खटले हा वकिलांचा, फार तर वाणिज्य शाखेचा विषय, अशी आपली समजूत असते. निकालपत्रे वाचू लागल्यावर मात्र ध्यानात येते की तेथील वाद बऱ्याच अंशी आपल्याच वर्गातले आहेत. शब्दाची ओळख नादाने पटते की अर्थाने? चित्र आणि त्याखालचा मजकूर यांत अधिक बोलके कोण? आणि मुख्य म्हणजे, वाचणारा कोण? स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंचवीस वर्षांत दोरा, बिस्किटे, औषध आणि तपकीर यांच्या भांडणांतून आपल्या न्यायालयांनी एका वाचकाची व्यक्तिरेखा घडवली. ती कशी घडली, आणि तिच्यासाठी काय गमवावे लागले, हे येथे पाहायचे आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा अखिल भारतीय कायदा १९४० साली झाला आणि १ जून १९४२ पासून अमलात आला. त्यापूर्वीही आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणाऱ्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत असे. आता चिन्हांची रीतसर नोंदवही उघडली गेली. नोंदणीने शब्द भाषेतून उचलून कोणाच्या घरी जात नाही. अमुक शब्द अमुक मालाशी जोडला गेला आहे, एवढ्या नात्यालाच संरक्षण मिळते. नव्या अर्जदाराचे चिन्ह आधीच्या चिन्हाच्या इतके जवळ असेल की लोकांची फसगत वा गोंधळ व्हावा, तर नोंदणी नाकारता येते. पण 'लोक' म्हणजे कोण, हे कायद्याच्या शब्दांत नव्हते. ते न्यायाधीशांना ठरवावे लागले.

आरंभीचा एक वाद शिवणाच्या दोऱ्याचा. जेम्स चॅडविक अँड ब्रदर्स या इंग्रज कंपनीच्या दोऱ्यावर पंख पसरलेला गरुड असे. चिदंबरमच्या नॅशनल स्यूइंग थ्रेड कंपनीनेही आपल्या दोऱ्यावर पंख पसरलेला पक्षी छापला आणि त्यालाही गरुडच म्हटले. हरकत आल्यावर तिने नाव बदलले. पक्षी तोच राहिला, त्याखाली 'गिधाड' हा शब्द आला. वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५३ मध्ये गिधाडाला नोंदणी नाकारण्याचा निर्णय कायम झाला. आपल्या मनात गरुड आणि गिधाड यांच्यात केवढे अंतर! एक विष्णूचे वाहन, दुसरे शिवीत वापरायचे. पण 'पाखराच्या छापाचा दोरा द्या' असे म्हणणाऱ्यापर्यंत हे अंतर पोहोचत नाही. चिन्ह पाहून झाल्यावर मनात उरते काय, त्यावर निर्णय करायचा, हे सूत्र येथे पक्के झाले.

दुसरा वाद 'ग्लुकोव्हिटा' आणि 'ग्लुव्हिटा' यांचा. पहिले नाव ग्लुकोज पावडरीचे, दुसरे बिस्किटांचे. हाही मुंबईचाच वाद. निबंधक, उच्च न्यायालयातील एकल न्यायाधीश आणि खंडपीठ यांची मते आळीपाळीने उलटसुलट झाली. इंग्लंडमधील निवाड्यांच्या आधारे असा युक्तिवाद होता, की मधल्या 'को' या अक्षराने उच्चारात पुरेसा फरक पडतो. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. इंग्रजी शब्द येथील बहुसंख्य जनतेला परके आहेत. इंग्रजी कानाला जाणवणारा फरक येथे जाणवेलच असे नाही, अशी त्या निकालाची भूमिका होती. अशा रीतीने वाचकाला देश मिळाला. तो इंग्लंडमधला गिऱ्हाईक राहिला नाही.

आता मूळ वादाकडे येऊ. 'अमृतधारा' हे औषध १९०१ पासून बाजारात होते. डोकेदुखी, जुलाब अशा अनेक तक्रारींवर एकच उपाय, अशी त्याची ख्याती. हा व्यवसाय लाहोरचा. फाळणीनंतर तो देहरादूनला आला. कानपूरहून १९२३ पासून 'लक्ष्मणधारा' नावाचे तशाच गुणांचे औषध विकले जात होते. १९५० साली लक्ष्मणधारेच्या मालकांनी नोंदणीसाठी अर्ज केला आणि अमृतधारेने हरकत घेतली. अलाहाबाद उच्च न्यायालयाला नावे पुरेशी भिन्न वाटली. सर्वोच्च न्यायालयात न्या. एस. के. दास यांनी लिहिलेल्या निकालपत्राने ते मत फिरवले.

त्या निकालपत्रातील विवेचन साहित्याच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावे. 'अमृताची धारा' आणि 'लक्ष्मणाची धारा' यांचे अर्थ वेगळे, हे न्यायालय मान्य करते. त्यापुढे जाऊन ते म्हणते, की 'लक्ष्मणाची धारा' याला शब्दशः अर्थच नाही. रामायणातील लक्ष्मणासारखी शुद्ध आणि बलवान धारा, असे अनुमान केल्यावरच अर्थ लागतो. मुख्यार्थाचा बाध झाला म्हणून लक्ष्यार्थाकडे जायचे, ही काव्यशास्त्रातील लक्षणेची प्रक्रिया न्यायमूर्तींनी तिचे नावही न घेता अचूक मांडली आहे. आणि मग ते सांगतात, की खेड्यातल्या वा गावातल्या सामान्य माणसाला रामायण ठाऊक असेल, लक्ष्मणही ठाऊक असेल, पण तो इतक्या खोलात शिरून दोन नावांमधला अर्थभेद पाहील असे वाटत नाही. त्याची बुद्धी साधारण, आठवण अपुरी, आणि तो बेसावध. पूर्वी घेतलेले किंवा कोणाकडून ऐकलेले औषध तो नादाच्या आणि घडणीच्या साम्यावरून मागतो.

येथे आम्हाला थांबावेसे वाटते. लक्ष्मण आणि औषध ही दोन नावे जवळ आली की रामायण ऐकलेल्या माणसाला सर्वप्रथम काय आठवेल? शक्ती लागून मूर्च्छित पडलेला लक्ष्मण, मारुतीने आणलेला द्रोणागिरी आणि त्यावरची संजीवनी. 'शुद्ध आणि बलवान' हा अर्थ विद्वानाने शब्दावर विचार करून काढलेला आहे. संजीवनीचा अर्थ कीर्तनात बसलेल्या निरक्षराला विचार न करता सुचेल. लक्षणेत जे न्यायालयाला सापडले त्याहून भरघोस असे काही व्यंजनेत होते, आणि ते बहुधा त्या 'बेसावध' माणसाच्याच मालकीचे होते. अर्थात यामुळे निकाल बदलत नाही. संजीवनी आठवणारा माणूसदेखील दुकानात 'ती धारा द्या' असेच म्हणेल. तरीही ज्याला अर्थ कळणार नाही म्हणून संरक्षण दिले, त्याला कदाचित अधिक कळत होते, ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

निकालाचा शेवटही विलक्षण आहे. नावे फसवी ठरली, तरी लक्ष्मणधारा सर्वस्वी बाद झाली नाही. अमृतधारेचे मालक इतकी वर्षे डोळ्यांदेखत चाललेल्या विक्रीबद्दल गप्प राहिले होते, हे लक्षात घेऊन निबंधकाने केवळ उत्तर प्रदेशातील विक्रीपुरती नोंदणी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने तोच आदेश पुन्हा कायम केला. एका शब्दाला राज्याची हद्द मिळाली.

नाद आणि अर्थ यांचा झगडा १९६९ मध्ये देवळापर्यंत पोहोचला. मद्रासच्या 'श्री अंबाळ' तपकिरीच्या मालकांनी 'श्री आंडाळ' या नावाच्या नोंदणीला हरकत घेतली. तमिळ भाविकाच्या दृष्टीने ही दोन नावे एक होऊच शकत नाहीत. अंबाळ ही शिवाची अर्धांगी; आंडाळ ही श्रीविल्लिपुत्तूरची वैष्णव संत कवयित्री, रंगनाथाशी एकरूप झाली म्हणून देवत्व पावलेली. न्या. बच्छावत यांच्या निकालपत्रात हा भेद नमूद आहे. पण तपकीर ओढणारे सगळेच दाक्षिणात्य हिंदू नाहीत. ख्रिस्ती, मुसलमान, पारशी आणि इतर प्रांतांतले हिंदूही तीच तपकीर घेतात, आणि त्यांच्या लेखी या नावांना असा अर्थ नाही. उरतो तो नाद, आणि नाद जवळजवळ सारखा. आंडाळची नोंदणी नाकारली गेली.

येथे वाचक आणखी बदलला. लक्ष्मणधारेच्या वेळी त्याला भाषा येत होती, फक्त तो विग्रह करीत नव्हता. तपकिरीच्या वेळी तो त्या भाषेबाहेरचाही असू शकतो. अनेक भाषांच्या देशात एका भाषेतला अर्थभेद पुरावा म्हणून पुरत नाही, हा न्याय व्यवहाराला धरून आहे. परंतु ज्या भाषेत ते शब्द जन्मले, तिच्यातल्या माणसाचे जाणतेपण येथे निर्णायक ठरत नाही, हेही खरे.

१९७२ चा पार्ल्याच्या बिस्किटांचा खटला चित्राचा. पार्ले कंपनीच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर शेतघराच्या पार्श्वभूमीवर एक मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या. म्हैसूरच्या जे. पी. अँड कंपनीच्या वेष्टनावरही मुलगी आणि गुरे होती, पण तपशील निराळे. येथे डोक्यावर गवताचा भारा होता. खालच्या न्यायालयांनी हे तपशील एकेक करून मोजले आणि फरक पुरेसा मानला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दोन वेष्टने शेजारी ठेवून पाहणे हीच चूक आहे. ग्राहकापुढे एका वेळी एकच पुडा असतो. दुसरा त्याच्या आठवणीत असतो. आज एक पाहिले आणि दुसऱ्या दिवशी दुसरे पुढे आले, तर तो तेच समजेल.

ही वाट सरळच गेली असे नाही. १९६९ मध्ये 'प्रोटोव्हिट' आणि 'ड्रॉपोव्हिट' ही नावे सर्वोच्च न्यायालयाला वेगळी वाटली. २००० साली 'पिकनिक' या एकाच शब्दाच्या दोन इंग्रजी स्पेलिंगांच्या वादात साम्यापेक्षा भेदांना अधिक महत्त्व दिले गेले. पुढच्याच वर्षी 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या हिवतापावरील औषधांच्या निकालात न्या. कृपाल यांच्या पीठाने ते मत नाकारले आणि जुने सूत्र पुन्हा उचलून धरले. एकच समान भाषा नाही, निरक्षरता मोठी आहे, आणि औषध म्हणजे काही मिठाई नव्हे. तेथे चुकीच्या वाचनाची किंमत प्राणांनी मोजावी लागते, असा त्याचा आशय होता. चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर सुशिक्षित आहे, एवढ्याने भागत नाही. तिच्यावरचे अक्षरही वाचता यावे लागते.

या साऱ्याचे मोल काय, याबाबत आमच्यात एकमत नाही. आमच्यापैकी काहींना 'बेसावध, साधारण बुद्धीचा' या वर्णनात वरून पाहणारी नजर दिसते. या माणसाला प्रत्यक्ष विचारून त्याचे वर्णन केलेले नाही, तो न्यायाधीशांनी कल्पिलेला आहे, आणि संजीवनीच्या उदाहरणावरून ही कल्पना कोठे अपुरी पडली तेही दिसते. इतरांना वाटते, की या कल्पनेत मोठी माणुसकी आहे. आपल्या काव्यशास्त्राने कल्पिलेला वाचक 'सहृदय' आहे. अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झाला आहे असा. त्याला जे उमगत नाही तो त्याचा दोष मानला जातो. न्यायालयाने याच्या नेमकी उलट बाजू धरली. ज्याला वाचता येत नाही, ज्याची आठवण पुसट आहे, त्याच्या चुकीची जबाबदारी त्याच्यावर न टाकता, ती चूक घडेल असा शब्द निवडणाऱ्यावर टाकली.

एका गोष्टीवर मात्र आम्ही सहमत आहोत. या निकालपत्रांनी आम्हाला आमच्या वर्गाची आठवण दिली. परीक्षेसाठी आम्ही दोन कविता शेजारी ठेवून साम्यभेद लिहायला सांगतो. प्रत्यक्षात मात्र एक कविता समोर असते आणि दुसरी कोठेतरी मनात रेंगाळत असते, तीही अर्धीमुर्धी, बहुधा नादाच्याच रूपाने. आपणही पुष्कळदा तसेच वाचतो. फक्त तसे कबूल करीत नाही. पुढच्या सत्रात समास शिकवताना 'अमृतधारा' फळ्यावर लिहूच, आणि तिच्याशेजारी 'लक्ष्मणधारा'ही लिहू. विग्रह झाल्यावर विद्यार्थ्यांना विचारू, की दुकानात गेलात तर यांपैकी कोणते नाव तुमच्या तोंडी येईल, आणि का. उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात नाही, ते त्यांना द्यावे लागेल.