उभ्या रेघेपलीकडचा रकाना

मावळात दिवाळीच्या आगेमागे भात कापणीला येतं. पेंढ्या खळ्यावर येतात, झोडून होतात आणि मग एकच चौकशी सुरू होते: पेंढीला दाणा किती पडला? वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेली इंद्रायणी आणि जुना आंबेमोहोर यांचा उतारा काही सारखा भरत नाही. पण झोडणीच्या गडबडीत कुठल्या पेंढीचं माप कोण वेगळं धरतो? सगळं एका ढिगात जातं. ढीग माहीत, पेंढ्या माहीत, दर पेंढीचा उतारा मात्र हिशेबाने काढायचा.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी पोरांना घाम फोडणारी ऑगमेंटेड मॅट्रिक्स अशाच ढिगातून निघाली. खळं तेवढं चीनमधलं होतं.

‘जिऊझांग सुआनशू’, म्हणजे गणिताचे नऊ अध्याय, हा ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास आकाराला आला. २६३ साली लिऊ हुई याने त्यावर टीका लिहिली. आठव्या अध्यायातलं पहिलंच गणित पेंढ्यांचं आहे. उत्तम प्रतीच्या ३, मध्यम २ आणि हलकी १ पेंढी झोडली तर ३९ मापं दाणा. याच क्रमाने २, ३, १ झोडल्या तर ३४. १, २, ३ झोडल्या तर २६.

हिशेबनीस हे लिहीत नसे, मांडत असे. पटावर काड्या ठेवायच्या: एकेका झोडणीचा एक उभा रकाना, वर तिन्ही प्रतींच्या पेंढ्या, तळाशी दाण्याचं माप. ‘उत्तम’, ‘मध्यम’ असं कुठेही लिहिलेलं नाही, जागाच नावाचं काम करते. आपण तेच आडव्या ओळींत लिहितो आणि मापाआधी एक उभी रेघ ओढतो. ऑगमेंटेड म्हणजे एवढंच, की मापाचा रकाना सोबत जोडून घेतला. कारण पेंढ्यांवर जी क्रिया करू ती मापावरही करावीच लागते.

करून बघा. दुसरी झोडणी तिप्पट करून तीतून पहिली दोनदा वजा करा. उत्तम पेंढ्या गेल्या. राहिल्या ५ मध्यम, १ हलकी, माप २४. तिसरी तिप्पट करून पहिली एकदा वजा करा: ४ मध्यम, ८ हलक्या, माप ३९. आता या ओळीच्या पाचपटीतून आधीच्या ओळीची चौपट काढली की मध्यमही जातात आणि ३६ हलक्या पेंढ्यांना ९९ मापं उरतात. हलकी पेंढी पावणेतीन. तिथून उलटं चढत गेलं की मध्यम सव्वाचार, उत्तम सव्वानऊ. आपल्या सवायकी-पाऊणकीच्या पाढ्यांत बसणारी ही उत्तरं निव्वळ योगायोगाची, पण मला भारी आवडतात. वजाबाकीत उणे आकडा आला तरी हिशेबनीस अडत नसे. तांबडी काडी धन, काळी ऋण.

आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास बीजगणितात जागेऐवजी रंग वापरले. पहिलं अज्ञात यावत्तावत्, मग कालक, नीलक, पीतक. त्यांच्या गणितात चार जण आहेत. त्यांच्याकडे अनुक्रमे घोडे ५, ३, ६, ८. उंट २, ७, ४, १. खेचरं ८, २, १, ३. बैल ७, १, २, १. चौघांची संपत्ती सारखी, तर जनावरांच्या किमती सांगा. (आषाढात हे उंट घेऊन बोरघाट चढायचा नाही, एवढं मी सांगू शकतो.) भास्कराचार्य दोघादोघांची संपत्ती समोरासमोर ठेवून आधी घोडा काढून टाकतात, मग उंट, आणि शेवटी ४ खेचरं म्हणजे ३१ बैल एवढंच हाती उरतं. म्हणून बैल ४, खेचर ३१, उंट ७६, घोडा ८५. प्रत्येकाची पुंजी ८५३. रीत पेंढ्यांचीच, पण संपत्ती किती हे कोणी सांगितलेलंच नाही. रेघेपलीकडे नुसती शून्यं. त्यामुळे याच किमती दुप्पट, तिप्पट केल्या तरी चालतात.

एकेक अज्ञात काढून टाकण्याच्या या रीतीला गणितज्ञ गाउसचं नाव चिकटलं ते फार उशिरा, विसाव्या शतकाच्या मध्यास. त्याने १८१० साली पॅलस या लघुग्रहाच्या कक्षेसाठी ही आकडेमोड हाताने आटोपशीर करून दाखवली होती, हे खरं; पण ती त्याआधीच युरोपातल्या पाठ्यपुस्तकांत रुळलेली होती. त्याच्या जोडीला घेतला जाणारा जॉर्डन म्हणजे जमीनमोजणीचं जाडजूड पुस्तक लिहिणारा विल्हेल्म जॉर्डन. मॅट्रिक्स हा शब्द गणितात सिल्व्हेस्टरने १८५० मध्ये आणला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गर्भाशय.

हीच रीत आज विजेच्या हिशेबातही लागते. १९१५ पासून लोणावळ्याचं पाणी घाट उतरून खोपोलीत वीज करतं. आज अशी वीजकेंद्रं ज्या जाळ्यात आहेत त्याचा हिशेब मांडला, तर हजारो ओळींचा तक्ता होतो, आणि त्यात बहुतेक जागी शून्य असतं, कारण एक उपकेंद्र दोनचार शेजाऱ्यांनाच जोडलेलं असतं. कोणतं अज्ञात आधी काढलं म्हणजे ही शून्यं शाबूत राहतील, हे टिनी आणि वॉकर यांनी १९६७ साली मांडलं. पेंढ्यांच्या गणितात तीनच ओळी होत्या, कुठून सुरुवात केली तरी चाललं असतं.